जमलेल्या मुलीचे पान

दिग्रसला बसस्थानकाकडून बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खताच्या दुकानाला खेटून, एक अरुंद गाळा आहे. त्याच्या पाटीवर पेंटरने पिवळ्या रंगात लिहिले आहे : ‘साधना कॉम्प्युटर्स. येथे हरवलेले सॉफ्टवेअर शोधून मिळेल. तुटलेल्या लिंक जोडून मिळतील.’ ही पाटी नवीन लागली, तेव्हा येणारे-जाणारे थांबून ती वाचत आणि हसत.

“हरवलेलं सॉफ्टवेअर! थे का बकरी हाय हरवाले?” खताच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारले होते.

“बकरी हरवली त ओरडते तरी, भाऊ,” साधना म्हणाली होती. “अन् तुमच्यासारखी दुसऱ्याच्या दारात येऊन चरत नाही.”

साधनाची जीभ अशी होती. तिच्या जिभेचा मार खाऊनही लोक तिच्याकडेच येत, कारण जे कोणाला सापडत नसे ते तिला सापडे. एका कापसाच्या जिनिंगमध्ये गाड्या तोलणाऱ्या काट्याचा कॉम्प्युटर ऐन हंगामात बंद पडला, तेव्हाची गोष्ट दिग्रसमध्ये अजून सांगतात. काटा बसवून देणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. तिच्या वेबसाइटची लिंक दाबली की कोणत्या तरी शिकवणी वर्गाची जाहिरात उघडत असे. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत थांबल्या होत्या. साधनाने इंटरनेटला हातही लावला नाही. तिने एवढेच विचारले, “हा काटा त्या साली तुमच्यासंगं अजून कोनाकडं बसलता?” उत्तर मिळाले, दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमध्ये, पण ती आता बंद आहे. साधना तिथल्या चौकीदाराकडे गेली. पाखरे भ्यावीत म्हणून त्याने आपल्या मिरचीच्या वाफ्यावर दोरीला चकचकीत सीड्या टांगल्या होत्या. त्यांतली एक त्या काट्याच्या सॉफ्टवेअरची होती. तिच्यावर ओरखडे होते, पाखरांची घाण होती. पण ती चालली. कोणती वस्तू कोणाच्या घरी पडून असेल याचा विचार साधना आधी करत असे आणि यंत्राचा नंतर. हीच तिच्या कामाची रीत होती.

साधनाचे वडील एसटीच्या कार्यशाळेत कामाला होते. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते वारले. भाऊ नव्हता, बहीण नव्हती. घरात ती आणि तिची आई तुळसाबाई अशा दोघीच राहिल्या. त्यानंतर जी स्थळे आली, त्यांना साधनाने एकच उत्तर दिले : आधी माय, मग लग्न. या उत्तराचे वस्तीत फार कौतुक झाले. तुळसाबाई ज्या घरी बसायला जाई त्या घरी ती सांगे, “माही पोरगी मले सोडून कुठंच जात नाही बाप्पा. पोरापरीस बरी.” काही वर्षे हे कौतुक पुरले. मग बरोबरीच्या मुलींची मुले शाळेत जाऊ लागली आणि लोक कौतुक करण्याचे विसरले. साधनाने तिशी ओलांडली. आपल्याला आपले घर हवे आहे, आपल्या माणसाबरोबर एका ताटात जेवायचे आहे, असे तिला वाटू लागले. ही गोष्ट तिने तोंडाने कोणालाच सांगितली नाही. तिने फक्त परिचय मंडळाच्या वेबसाइटवर आपले पान चढवले.

हे परिचय मंडळ म्हणजे दिग्रसच्या बौद्ध समाजातील वधू-वरांची माहिती एकमेकांपर्यंत पोहोचवणारी संस्था. तिचे अध्यक्ष भीमराज हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. विहारात गर्दी झाली की अजूनही त्यांच्या तोंडून निघे, “पुढं सरका, पुढं सरका, मंधात जागा लय हाय.” पूर्वी मंडळ दरवर्षी एक पुस्तिका छापत असे. एखाद्या मुलीचे लग्न जमले की भीमराज स्वतः तिच्या नावावर लाल पेनाने रेघ मारत. रेघ पडली की त्या घरी कोणी स्थळ विचारायला जायचे नाही, फोन करायचा नाही आणि कशी रेघ पडली हेही विचारायचे नाही. जमलेल्या मुलीच्या दारात पाऊल टाकणे हा बेशरमपणा समजला जाई.

पुढे पुस्तिकेची, मोबाइलवरच्या अ‍ॅपसकट, वेबसाइट झाली. ती साधनाने तयार केली आणि जुनी रीत तिने तशीच नव्या जागी आणली. प्रत्येक पानाखाली एक लाल बटण असे : ‘जमले. पान उतरवा.’ ते दाबले की ‘नक्की?’ असा प्रश्न येई. ‘हो’ म्हटले की पान नाहीसे होई आणि त्याच्या लिंकवर गेलेल्या माणसाला ‘हे पान उतरले आहे’ एवढेच दिसे. हे बटण सर्वसामान्य लोकांना दिसत नसे. ते मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्या तिघांनाच दिसे : साधना, भीमराज आणि नवीन पाने चढवणारा संघदीप. भीमराजांना ते दिसत असले तरी सापडत नसे. थोड्याच काळात गावोगावी बोलण्याची रीतच पडली की अमक्याच्या पोरीचे पान उतरले, म्हणजे तिचे जमले.

त्याच सुमारास विहारात प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. तुळसाबाईने साठी ओलांडली होती. वर्ग घेणाऱ्या समीक्षा मॅडमनी तिला दोनदा घरी येऊन बोलावले, तेव्हा ती गेली. या वर्गासाठी मोबाइलवर चालणारे एक वाचनाचे अ‍ॅप होते. त्याचे नाव ‘अक्षरझोळी’. त्यात सोपे धडे असत, आणि शिकणाऱ्याने धडा वाचला की त्याचाच आवाज त्यात साठवला जाई. आपण महिन्यापूर्वी कसे अडखळत होतो आणि आज कसे वाचतो, हे आपल्याच कानांनी ऐकता येई. परंतु ते अ‍ॅप बनवणारी संस्था बंद झाली होती आणि ते उतरवून घेण्याची लिंक मेली होती. समीक्षा मॅडम रडकुंडीला आल्या. तेव्हा साधनाने आपल्या रीतीने विचार केला : हा वर्ग दुसरीकडे कुठे सुरू होऊन बंद पडला असेल? शोधता शोधता ती फुलसावंगीच्या एका शिक्षिकेपर्यंत पोहोचली. त्या बाईच्या तडा गेलेल्या जुन्या मोबाइलमध्ये ते अ‍ॅप होते. साधनाने त्याची फाइल काढून घेतली, वर्गातल्या सगळ्या बायांच्या मोबाइलवर ते चढवले आणि एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून दुकानाच्या खणात ठेवली.

आईला तिने आपला स्वतःचा जुना मोबाइल दिला. कोणी मोबाइल विकायला काढला की साधना त्याला दम देई, “पयले कोरा कर त्याले. मंग दुसऱ्याच्या हाती दे. अक्कल गहान ठेवली काय?” तिने मात्र आपला मोबाइल कोरा केला नाही. आईलाच तर द्यायचा होता. आपल्याच घरात कोणापासून काय लपवायचे? मंडळाचे अ‍ॅप त्या मोबाइलवर साधनाच्याच नावाने उघडे राहिले, लाल बटणासकट.

तुळसाबाई मन लावून शिकली. एका दुपारी तिने बसच्या कपाळावरची पाटी वाचली आणि सगळ्या प्रवाशांसमोर मोठ्याने हसली. रोज सकाळी ती दारात बसून धडा वाची आणि मग स्वतःचाच आवाज लावून ऐके. साधना आतून म्हणे, “झाली का वं तुही आकाशवाणी?” तुळसाबाई म्हणे, “तू जळू नको. मी वाचून राह्यली.” त्या दिवसांत त्या घरात सुख होते, हे नाकारता येणार नाही.

पुसदच्या एका घराने साधनाविषयी विचारणा केली, त्यानंतर तिचे पान पहिल्यांदा नाहीसे झाले. साधनाला वाटले, वेबसाइटच बिघडली असेल. तिने पान पुन्हा चढवले. पुसदकडचा फोन पुन्हा आला नाही. आपले वय पाहून त्यांनी नाद सोडला असावा, अशी तिने मनाची समजूत घातली.

मग मुकुटबनचे स्थळ आले. कपिल हा तिथल्या एका शाळेत प्रयोगशाळेत कामाला होता. त्याने साधनाला फोन केला, तोही आधी कामाच्या निमित्ताने. शाळेच्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर मिळत नव्हते. ते तिने त्याला मिळवून दिले. मग तो विनाकारण फोन करू लागला.

“तुम्ही समद्याइचं हरवलेलं शोधता म्हने,” तो एकदा म्हणाला.

“तुमचं काय हरवलं?”

“माह्यं काही हरवलं नाही. मले सापडलंच नाही आतापर्यंत.”

एवढ्या बोलण्यावर साधना दिवसभर ग्राहकांशी गोड बोलत राहिली. खताच्या दुकानदाराला शंका आली की तिला ताप असावा. कपिलने सांगितले होते, “माही बहीण प्रेरणा अन् आई तुमचं पान पाहतीन, अन् मंग आमी येऊ. जास्त उशीर नाही करत.” साधनाने घरी आईला ही गोष्ट सांगितली. लग्नाविषयी ती आईशी पहिल्यांदाच उघडपणे बोलली. तुळसाबाईने भाकर उलटली आणि विचारले, “मुकुटबन म्हंजे कुठं आलं थे?”

“लांब हाय, माय. पार झरीकडं.”

“हं,” तुळसाबाई म्हणाली.

साधना वाट पाहत राहिली. फोन आला नाही. कपिलचाही येईनासा झाला. तिने पान उघडून पाहिले, तर ‘हे पान उतरले आहे’. तिने प्रेरणाला फोन लावला.

“जयभीम. मी दिग्रसवरून साधना बोलतो.”

प्रेरणा म्हणाली, “जयभीम ताई. अभिनंदन हो तुमचं. पान उतरलं, पाह्यलं आमी.”

“अवो, माह्यं काही जमलं नाही. थे पान आपोआप—”

“पान आपोआप उतरते काय, ताई? तुमीच त बनवलं म्हनते थे मंडळाचं. आमचा भाऊ तुमच्या पानाची लिंक आमाले दाखवाले गेला, अन् समद्याइच्या देखत थे उतरलेलं निंघालं. काय तोंड झालं असन त्याचं? आई म्हने, बाई दोन दोन ठिकानी बोलून राह्यली. मी म्हनलं, जाऊ दे.”

“प्रेरणा, माह्यं ऐकून त घे.”

“आता ऐकून काय करू? त्याचं काल पांढरकवड्याले पक्कं झालं. पाव्हणे बसले हायत घरात. ठेवतो.”

साधनाने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. एक ग्राहक समोर बसला होता. त्याला तिने सांगितले की तुझ्या कॉम्प्युटरला आणि तुलाही एकदमच भंगारात टाकले पाहिजे. तो उठून गेला.

मग तिने पान कोणी उतरवले ते तपासले. वेबसाइट सांगत होती : साधना. म्हणजे कोणीतरी तिच्याच नावाने आत शिरून लाल बटण दाबले होते. तिचा पासवर्ड कोणाला ठाऊक असणार? संघदीप तिच्या शेजारी बसून काम करत असे. ती पासवर्ड टाकताना त्याने शंभरदा पाहिले असेल. शिवाय तो थट्टेखोर होता. पहिल्यांदा पान गेले तेव्हा तो म्हणाला होता, “ताई, तुमचंच पान कसं काय पळते वो? नवरदेव सोधाले गेलं काय स्वताच?” तेव्हा साधना हसली होती. आता तिला तेच हसणे डसले. हरवलेली वस्तू कोणाच्या घरी असेल हे जिला नेहमी अचूक कळत असे, तिने या वेळी घर चुकवले. आपल्या घराकडे तिने पाहिलेच नाही.

त्या रविवारी वंदना झाल्यावर, सगळे लोक विहारात बसलेले असताना, साधना उभी राहिली.

“काका,” ती भीमराजांना म्हणाली, “मंडळाच्या पानाइले हा संघदीप हात लावते. पोरीइचे पानं मनानं उतरवते. माह्यं दोनदा उतरवलं. माह्यं जमत आलेलं मोडलं यानं.”

संघदीप चोविशीचा तरुण होता. फुलसावंगीच्या मुलीशी त्याचे नुकतेच जमले होते. तो आधी हसला, कारण ही थट्टा आहे असे त्याला वाटले. मग लोकांची तोंडे पाहून त्याचे हसणे मावळले.

“ताई, कसमनं सांगतो, मी नाही केलं. मी काहून करीन?”

“मले इचारू नको. तुह्या मनाले इचार.”

“ताई, मी तुमच्या दुकानात चहा पेतो रोज. मी तुमचं वाईट करीन काय?”

“चहा पेता पेताच पासवर्ड पाह्यला तुवा.”

मागून एक बाई म्हणाली, “पोरीइच्या फोटोसंगं अजून काय काय करत असन, कोनाले मालूम!” साधनाचा आरोप असा नव्हता. त्या बाईला तिने तिथेच थांबवायला हवे होते. तिने थांबवले नाही. तिच्या मनात त्या वेळी कपिल होता आणि पांढरकवडा होता. भीमराजांनी संघदीपला मंडळातून काढले. मागच्या बाईचे वाक्य मात्र विहारातून बाहेर पडले आणि चालत चालत फुलसावंगीला पोहोचले. मुलीच्या बापाने सुपारी परत पाठवली. संघदीपची आई चार दिवस घराबाहेर निघाली नाही. संघदीप गाव सोडून पुण्याकडे कुठे तरी गोदामात कामाला गेला.

साधनाने आपले पान पुन्हा चढवले आणि त्यानंतर ते जागचे हलले नाही. चोर सापडल्याचा हाच पुरावा आहे, असे तिने मानले. खरी गोष्ट एवढीच होती की त्यानंतर तिला विचारायला कोणी आले नव्हते.

साक्षरता वर्गाचा समारोप उन्हाळ्याच्या तोंडावर झाला. विहारासमोर मांडव घातला होता. बाया पांढरी लुगडी नेसून पुढे बसल्या होत्या. समीक्षा मॅडमनी एकेकीला उभे करून वाचायला लावले. तुळसाबाई सगळ्यांत चांगली वाचली. तिने फळ्यावरचा उतारा कुठेही न अडखळता वाचला आणि शेवटी, कोणी न सांगता, नवऱ्याचे पूर्ण नाव लिहून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साधनाच्या डोळ्यांत पाणी आले. मागच्या सगळ्या महिन्यांत तिला असे पाणी आले नव्हते.

भीमराज पाहुणे म्हणून व्यासपीठावर होते. ते माइक घेऊन म्हणाले, “आज अजून एक आनंदाची गोष्ट हाय. माह्या नातनीचं जमलं. तिचं पान मी आज तुमच्या समोर, माह्या हातानं उतरवतो.” त्यांनी मोबाइल काढला, चष्मा चढवला आणि बोटाने वर-खाली सरकवू लागले. सगळे वाट पाहत होते. बटण सापडेना.

“पुढं सरका, काका!” मांडवातून कोणी तरी ओरडले. हशा पिकला.

तुळसाबाई शेजारीच उभी होती. टाळ्यांनी तिचा चेहरा फुलला होता. ती खाली वाकली आणि म्हणाली, “खालती जा भाऊ, पार खालती. फोटोच्या खाली नाही, त्याच्या बी खाली. लाल हाय थे. दाबा आता. ‘नक्की’ म्हनून इचारीन, त तिथं ‘हो’ म्हना. दोनदा नका दाबू, एकदाच.”

भीमराजांनी दाबले. पान उतरले. “वा तुळसाबाई!” ते म्हणाले. “शिकली बाप्पा तुही माय, साधना!” पुन्हा टाळ्या झाल्या.

साधनाने टाळी वाजवली नाही. लाल बटण तिघांनाच दिसते. ‘नक्की’ हा प्रश्न तिघांनाच विचारला जातो. तिचा जुना मोबाइल आईच्या हातात होता. तुळसाबाईने मुलीकडे पाहिले. मुलीचा चेहरा पाहून तिचे हसणे हळूहळू मिटले.

घरात शिरल्यावर साधनाने दार लोटले.

“कवापासून?”

तुळसाबाई माठाजवळ बसली. तिने नाकारले नाही. “मले वाचता याले लागलं तवापासून,” ती म्हणाली. “तुह्या नावाचं पान पाह्यलं. मले लय आनंद झाला, पोरीचं नाव वाचलं म्हनून. मंग खालचं वाचलं. मालूम होतंच मले, पान उतरलं म्हंजे कोनी येत नाही.”

“कपिल मले पसंत होता, माय.”

“मालूम हाय. तू भाजीत मीठ टाकाचं इसरत होती.”

“मंग बी दाबलं?”

“मुकुटबन इचारलं मी तुले. लांब हाय म्हनली तू. मी कोनाच्या दारात बसू? तुह्या सासूच्या? मी दोन वर्स मान मोडून अक्षरं शिकली, थे हे वाचाले काय का माही पोरगी चालली?” तुळसाबाईचा आवाज चढला. “अन् बटन कोनं बनवलं? तुवा बनवलं. मी त दाबलं फक्त.”

“संघदीपचं लगन मोडलं, माय.”

“थे मी नाही मोडलं,” तुळसाबाई म्हणाली. “त्याचं नाव भर इहारात तुवा घेतलं. मी घेतलं काय? मी त त्या दिवशी घरी येऊन म्हनलं बी, पोरगा तसा वाटत नाही.”

हे खरे होते. तिने तसे म्हटले होते. साधनाला ते आठवले.

दुसऱ्या दिवशी साधना भीमराजांकडे गेली. आपली चूक झाली, संघदीपने काही केले नव्हते, असे तिने सांगितले. मग कोणी केले, हे मात्र तिने सांगितले नाही. भीमराजांनी पेल्यातला चहा बशीत ओतला.

“आता काय करतं बाई? लोकाइले काय सांगू, मंडळ चुकलं म्हनून? उद्या कोन पानं देईन आपल्याकडं? झालं थे झालं. पोट्टा गेला पुन्याले, कमावून राह्यला, बरा हाय.”

तिने संघदीपला फोन लावला. त्याच्या मोबाइलवर तिचे नाव दिसतच असणार.

“हॅलो,” तो म्हणाला. “कोन?”

“संघदीप, मी साधनाताई.”

“कोन साधना?” त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

त्या संध्याकाळी साधनाने वेबसाइटवर आपले पान उघडले. फोटोतली साधना जुन्या निळ्या ड्रेसमध्ये हसत होती. साधनाने लाल बटण दाबले. ‘नक्की?’ तिने ‘हो’ म्हटले. थोड्याच वेळात भीमराजांचा फोन आला.

“अवं, तुहं पान उतरलं! पेढे कुठं हायत? कोनाकडचे पाव्हणे?”

“घरचेच, काका,” साधना म्हणाली.

मग तिने आईचा मोबाइल मागितला. मंडळाचे काम त्यावर उघडे ठेवणे धोक्याचे होते, ते बंद करणे भागच होते. तेवढे एकच अ‍ॅप काढून टाकले असते तरी चालले असते. साधनाने तसे केले नाही. जे ती परक्यांना सांगत असे, ते तिने आता केले. तिने मोबाइल कोरा केला. मंडळ गेले, फोटो गेले, ‘अक्षरझोळी’ गेली. तुळसाबाईने पहिल्या दिवशी ‘क’ म्हणताना घेतलेला दम, नवऱ्याचे नाव पहिल्यांदा वाचताना फाटलेला आवाज, सगळे धडे, सगळे अडखळणे गेले. ते आता कोणाच्याच वाफ्यावर टांगलेले नव्हते.

सकाळी तुळसाबाई मोबाइल घेऊन दारात बसली. बराच वेळ ती बोट सरकवत राहिली.

“साधने, माही झोळी कुठं गेली वं?”

“गेली.”

“माहा आवाज होता त्याच्यात.”

“थो बी गेला.”

“मंग आवाज जाऊ दे. धडे त लावून दे. मी पुन्हा वाचीन. तू समद्याइचं शोधून देते.”

“थे आता कुठंच भेटत नाही, माय,” साधना म्हणाली आणि चप्पल घालून दुकानाकडे निघाली.

तेव्हापासून तुळसाबाई रोज जेवण झाल्यावर दुकानात येते. मुलगी घरीच राहिली आहे, तिला हवे होते तसे. दोघी एकाच घरात राहतात, एकाच चुलीवरचे खातात आणि कामापुरते बोलतात. कोणी लग्नाचे विचारले तर साधना म्हणते की जमले आहे. तारीख विचारली तर ती दुसऱ्या ग्राहकाकडे वळते. तुळसाबाई दाराशी स्टुलावर बसते. वाचायला जवळ काही नसले की माणूस समोर असेल ते वाचतो. परवा ती मान वर करून, सराव तुटल्याने पुन्हा प्रत्येक अक्षरावर थांबत, पिवळ्या रंगातली पाटी मोठ्याने वाचत होती.

“ये-थे... ह-र-व-ले-ले... सॉफ्ट-वेअर... शो-धून... मि-ळेल.”

वाचून झाल्यावर तिने आत पाहिले. साधनाच्या उजव्या हाताशी उघडा खण होता. खणात पेनड्राइव्ह होता. त्याच्यावर साधनाच्याच अक्षरात ‘अक्षरझोळी’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि ती वाचण्याइतके तुळसाबाईला येत होते. साधनाने खण लोटला, किल्ली फिरवली आणि ती ओढणीच्या टोकाला बांधली.

“बोला भाऊ,” ती समोरच्या ग्राहकाला म्हणाली, “तुमचं काय हरवलं?”